नातवंडांसाठी लाकडी ठोकळे: घ्यावेत, पण पारखून

बटण दाबलं की गाणारी गाडी पोर दोन दिवस खेळतं, मग ती पलंगाखाली जाते. त्यापेक्षा तीन-चार वर्षांच्या नातवंडाला चित्रं-अक्षरं नसलेले साधे ठोकळे द्या. आज त्यांची फेरीबोट होते, उद्या मांडवीवरचा पूल.

संच पन्नासेक ठोकळ्यांचा हवा. विसांत पूल अर्ध्यावरच अडतो. मापं जुळणं सगळ्यांत महत्त्वाचं: दोन छोटे जोडून बरोबर एक मोठा झाला पाहिजे. दुकानातच सहा-सात एकावर एक रचून बघा. डुगडुगले तर घेऊ नका. स्वस्त संच नेमके इथेच मार खातात, कारण कापणी सारखी नसते, आणि मनोरा सारखा कोसळला की मूल कंटाळतं.

सावंतवाडीची लाकडी फळं देखणी खरी, पण रचण्याच्या कामाची नाहीत. त्यांनी भातुकली छान रंगते. चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी गुळगुळीत असतात, मात्र बरीचशी गोल. कारखान्यातल्या खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहा. मूल तीन वर्षांखालचं असेल तर साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल असा तुकडा नको, घशात अडकतो.

गोव्याच्या पावसात भुशाच्या दाबीव फळीचे ठोकळे कडांना फुगतात, म्हणून भरीव लाकूडच घ्या. धुऊ नका, ओलसर फडक्याने पुसून वाऱ्यावर सुकवा. घट्ट झाकणाच्या डब्यात बुरशी धरते, कापडी पिशवी बरी.