'पर्स्वेशन' की 'व्हेनिशिया'?

रीजन्सी काळातली (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली) प्रेमकथा वाचायची आहे, एकच पुस्तक घ्यायचं आहे, आणि नायिका सोळा-सतरा वर्षांची भाबडी नको. एवढ्या अटी घातल्या की माझ्या लेखी दोन नावं उरतात: जेन ऑस्टिनची 'पर्स्वेशन' (१८१७) आणि जॉर्जेट हेयरची 'व्हेनिशिया' (१९५८). 'पर्स्वेशन'ची नायिका ॲन सत्तावीसची, व्हेनिशिया पंचवीसची. त्या काळच्या हिशोबाने दोघीही घोडनवऱ्याच. ('प्राइड अँड प्रेजुडिस' वाचून झालं असेलच, म्हणून ते इथे धरलेलं नाही.)

आत शिरायला 'व्हेनिशिया' सोपी. हेयर जवळजवळ दीडशे वर्षांनंतर लिहिते, त्यामुळे कपडे, बग्ग्या, कोणी कोणाकडे कधी जायचं हे सगळं ती दाखवत जाते. ऑस्टिनच्या वाचकांच्या अंगावर तेच कपडे होते, मग ती कशाला सांगेल? हेयरचा नेहमीचा त्रास म्हणजे तिची बोली. पैशाला तीन शब्द, प्यायलेल्याला चार, आणि साध्या शब्दकोशात त्यातला एखादाच सापडणार. पण ही कथा बरीचशी यॉर्कशरच्या खेड्यात घडते, त्यामुळे लंडनच्या शौकिनांची ती भाषा इथे बेताचीच आहे. उलट व्हेनिशिया आणि बदनाम लॉर्ड डॅमरेल एकमेकांच्या तोंडची कवितेची ओळ पकडून पुढे नेतात, जवळजवळ भेंड्याच लावतात. प्रत्येक ओळ कुणाची ते ओळखता आलं नाही तरी गंमत कळते.

'पर्स्वेशन'चं दार मात्र जड आहे. एकूण चोवीस प्रकरणं. पहिल्या तीनांत ॲनच्या बापाची कुळाची घमेंड, डोक्यावरचं कर्ज आणि वाडा भाड्याने देण्याची खलबतं. पुस्तक सोडणारे बहुतेक इथेच सोडतात. ही तीन भरभर वाचा, पण चौथं सोडू नका. आठ वर्षांपूर्वी मोडलेल्या लग्नाची हकिगत तिथे आहे. ज्याच्याशी ते ठरलं होतं तो कॅप्टन वेंटवर्थ समोर येतो सातव्यात. तिथून पुढे स्वतःला ढकलावं लागत नाही.

आता ज्याने माझी निवड ठरवली तो त्रास, आणि गंमत अशी की तो ऑस्टिनचाच आहे. वाचकाने शेकडो पानं ज्या क्षणाची वाट पाहिली, नेमक्या त्या क्षणी बाई पडदा पाडतात. 'एमा'त नायिकेचा होकार ऐकूच येत नाही. म्हणायला हवं तेच म्हणाली, एवढ्यावर भागवलंय. 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये नायकाचं मन वळायला किती दिवस लागले ते वाचकाने आपापलं ठरवावं, असं सांगून त्या मोकळ्या. 'प्राइड अँड प्रेजुडिस'मध्ये डार्सी दुसऱ्यांदा लग्नाचं विचारतो ते त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं, पण एलिझाबेथचं उत्तर लेखिका स्वतःच्या शब्दांत उरकते. या बाबतीत हेयर उदार आहे. 'व्हेनिशिया'च्या शेवटी दोघं चांगली भांडत, हसत, एकमेकांना चिडवत बोलतात.

'पर्स्वेशन'चाही पहिला शेवट त्याच वळणाचा होता. ॲडमिरल क्रॉफ्टच्या घरी दोघं समोरासमोर येतात आणि सगळं न बोलताच समजून जातं. १८१६च्या जुलैत हे लिहून झालं, पण ऑस्टिनला ते पटलं नाही. तिने शेवट नव्याने लिहिला. रद्द झालेली ती दोन प्रकरणं तिच्या हस्ताक्षरात आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांचं उरलेलं हस्तलिखित तेवढंच. नव्या शेवटात बाथ शहरातल्या एका हॉटेलात ॲन आणि वेंटवर्थचा मित्र कॅप्टन हार्व्हिल वाद घालताहेत: जास्त काळ प्रेम कोण धरून ठेवतं, पुरुष की बाई? शेजारच्या टेबलावर वेंटवर्थ पत्र लिहितोय. त्याची लेखणी खाली पडते. मग हातमोजे विसरल्याचं निमित्त करून तो परत येतो आणि ॲनपुढे दुसरंच पत्र ठेवून जातो. ते अख्खं छापलेलं आहे. हे तेविसावं प्रकरण. दोन खंडांच्या आवृत्तीत दुसऱ्या खंडातलं अकरावं.

'व्हेनिशिया'त याच्या तोडीचं काही असेल तर ते आधीच्या गप्पांत आहे, शेवटात नाही. डॅमरेल तिच्या भल्यासाठी म्हणून, तिला न विचारता, बाजूला होतो. पुढचा बराच भाग ती गाठ सोडवण्यात जातो. ती सोडवते व्हेनिशिया स्वतः, आणि मोठ्या चलाखीने, हे कबूल. पण एका सरळ बोलण्याने मिटलं असतं ही चुटपुट जात नाही. ॲनचं लग्न मोडलं त्यामागे पैसा, पत आणि आईच्या जागी असलेल्या बाईचा सल्ला होता. ते एका बोलण्याने मिटण्यासारखं नव्हतं.

थकून आल्यावर हसवणारं काही हवं असेल तर 'व्हेनिशिया' आधी घ्या, कोणी नावं ठेवणार नाही. मला विचाराल तर 'पर्स्वेशन'.

खर्चाचं म्हणाल तर ऑस्टिन फुकट मिळते. हेयर १९७४ साली वारली, त्यामुळे आपल्याकडे २०३४ अखेरपर्यंत तिचे हक्क राखीव आहेत. 'द ब्लॅक मॉथ' (१९२१) हे तिचं पहिलं पुस्तक अमेरिकेत हक्कमुक्त झालंय, म्हणून नेटवर सहज सापडतं. फुकट आहे म्हणून हेयरची सुरुवात तिथून करू नका.