त्रियुगीनारायणला लग्न लावून देतो म्हणणाऱ्यांनी आमचे १,२१,२५० रुपये नेले

घरच्यांना न सांगता हिमालयात लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यांना हेरून लुबाडणारी माणसे समाजमाध्यमांवर उघडपणे वावरत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी आम्हा दोघांकडून १,२१,२५० रुपये घेतले आणि लग्नाच्या आदल्या दिवशी फोन बंद केले. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण ओळखीतली माणसे हे वाचून ‘पळून जाणाऱ्यांचे असेच होते’ असे म्हणणार आहेत. त्यांनी खुशाल म्हणावे. आमच्यासारखे दुसरे कोणी आज याच माणसांना पैसे पाठवत असेल, तर त्याला हे वेळेत कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आमच्या जाती वेगळ्या आहेत, गावे सोलापूर जिल्ह्यात आहेत आणि दोन्ही घरांचा विरोध टोकाचा होता. अशा जोडप्याला पहिला सल्ला मिळतो तो आळंदीचा. पण मुलगी घरातून गेली की नातेवाईकही पहिली गाडी आळंदीकडेच काढतात. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्न करायचे, तर विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. तेवढ्या अवधीत ती नोटीस गावापर्यंत पोहोचेल, ही आमची भीती खोटी नव्हती. म्हणून आम्ही रुद्रप्रयाग जिल्ह्यातील त्रियुगीनारायण निवडले. शिवपार्वतीचा विवाह तिथे झाला अशी श्रद्धा आहे, मंदिरात अखंड धुनी तेवत असते आणि देशभरातून जोडपी तिथे लग्नाला जातात. हिवाळ्यात केदारनाथचे दरवाजे बंद असल्यामुळे त्या रस्त्याला गर्दी नसते आणि ओळखीचे कोणी भेटण्याची शक्यता जवळजवळ नसते. हा विचार बेजबाबदार होता असे मला आजही वाटत नाही.

समाजमाध्यमावरील ज्या पानाशी आम्ही संपर्क साधला, त्यावर बर्फातल्या मंदिराची, फेऱ्यांची आणि धुनीपुढे बसलेल्या जोडप्यांची छायाचित्रे होती. फोनवर बोलणारा माणूस अदबीने आणि माहितीने बोलत असे. मंदिरासमोरची ब्रह्मशिला, तिथली कुंडे, धुनीत लाकूड अर्पण करून राख घरी नेण्याची रीत, हे सारे त्याने न विचारता सांगितले आणि दोघांची गोत्रे विचारून घेतली. ‘दोघेच’ या नावाची त्याची एक स्वतंत्र योजना होती आणि तिच्या माहितीत पहिलेच आश्वासन गुप्ततेचे होते.

५ नोव्हेंबरला आम्ही नोंदणीचे ११,००० रुपये पाठवले. १८ नोव्हेंबरला निवास आणि मंडपाचे ४५,००० गेले. २ डिसेंबरला पुरोहित, छायाचित्रकार, फुले आणि कन्यादान यांचे ३८,५०० गेले. यातल्या कन्यादानाबद्दल लिहिताना माझा हात अजूनही थरथरतो. ‘तुमच्या बाजूने कन्यादानाला कोण बसणार,’ असे त्याने मला विचारले. मी गप्प राहिले, तेव्हा तो म्हणाला की गावातले एक वयस्कर जोडपे अशा मुलींचे कन्यादान आनंदाने करते, तुम्ही त्यांना फक्त एक साडी आणा. मी ती साडी विकत घेतली. आईवडिलांशिवाय लग्नाला उभ्या राहणाऱ्या मुलीला नेमके काय दुखत असते, हे या माणसाला पुरते ठाऊक होते आणि त्याने त्याचेच पैसे केले.

१२ डिसेंबरला बर्फ पडल्यास रस्ता मोकळा करून घेण्याचे शुल्क म्हणून १४,७५० रुपये मागितले गेले. त्या रस्त्यांवरचा बर्फ सरकारी यंत्रणा हटवते; त्यासाठी कोणत्याही प्रवाशाकडून पैसे घेतले जात नाहीत. १९ डिसेंबरला विवाह प्रमाणपत्र आणि साक्षीदारांसाठी १२,००० रुपये परतफेडीच्या बोलीवर घेतले. पैसे पाठवताना पडद्यावर वेगवेगळी नावे दिसत होती. आम्ही विचारले, तेव्हा हिवाळ्यात डोंगरातल्या बँका नीट चालत नाहीत म्हणून हिशेबनिसाचे खाते वापरतो, असे उत्तर मिळाले. लग्नाचे काही ठेकेदार मदतनिसांच्या खात्यावर पैसे घेतात, हे आपण आपल्या शहरातही पाहतोच.

खरी खूण मात्र पैशांत नव्हती, मुहूर्तात होती. त्याने आम्हाला २६ डिसेंबरची सकाळी ११ वाजून २० मिनिटांची वेळ दिली होती. सूर्य धनु राशीत गेला की, म्हणजे साधारण १६ डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंत, उत्तर भारतात खरमास मानतात आणि त्या काळात लग्ने टाळतात. तिथल्या कोणत्याही पुरोहिताने त्या तारखेवर आधी हरकत घेतली असती. ती तारीख एका माणसाने सहज दिली, याचा अर्थ त्याने आमच्या लग्नाबद्दल एकाही पुरोहिताला विचारले नव्हते. सगळा बनाव त्या एका ओळीत उघडा पडला होता आणि ती ओळ माझ्या फोनवर तीन आठवड्यांहून अधिक काळ होती. पण आपल्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी मार्गशीर्षच होता, पौष लागायला अजून अवकाश होता, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या कोणत्याही मुलीने तारीख पाहून पौष नाही ना एवढेच तपासले असते. मी तेच केले. ती तारीख माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसरी खूण त्या प्रमाणपत्राची होती आणि ती प्रत्येक जोडप्याने पाठ करून ठेवावी. ‘नोटिशीशिवाय त्याच दिवशी कोर्टाचे प्रमाणपत्र’ असे काही अस्तित्वात नाही. विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार विधीने लग्न झाले, तर त्याची नोंदणी नंतर होते आणि महाराष्ट्रात त्यासाठी विधीची छायाचित्रे, तीन साक्षीदार आणि पुरोहिताची सही लागते. विधी न होता मिळालेल्या नुसत्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

२५ डिसेंबरला आम्ही ऋषिकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी असा प्रवास करत संध्याकाळी सोनप्रयागच्या अलीकडे पोहोचलो. पॅकेजमधली गाडी आलीच नव्हती, म्हणून १६,५०० रुपये देऊन आम्ही स्वतः गाडी केली होती. दिलेल्या नावाचे निवासस्थान तिथे कोणालाच माहीत नव्हते आणि फोन बंद होते. दुसऱ्या दिवशी मंदिरातील पुरोहितांनी आमचा छापील कागद पाहिला. त्यांच्याकडे आमची कोणतीही नोंद नव्हती. खरमासाबद्दल मला त्यांनीच सांगितले. ते आमच्याशी अत्यंत सौजन्याने वागले आणि मंदिराचा या फसवणुकीशी काहीही संबंध नाही, हे मला मुद्दाम लिहायचे आहे.

पैसे परत मागितल्यावर दोन दिवसांनी एका नव्या क्रमांकावरून माझ्याच आधार कार्डाचे छायाचित्र आले. खाली लिहिले होते की पोलिसांत गेलात तर हे कार्ड आणि तुमचे दोघांचे फोटो गावात पोहोचतील, आणि नको असेल तर आणखी २०,००० पाठवा. त्या क्षणी मला कळले की गुप्ततेचे ते आश्वासन कोणासाठी होते. आम्ही एक रुपयाही दिला नाही. मी त्याच रात्री मोठ्या बहिणीला फोन करून सगळे सांगितले, तिने वडिलांना सांगितले, आणि धमकी देण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नाही. अशा कामासाठी ओळखपत्र द्यावेच लागले, तर शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकलेला मास्क्ड आधार द्या आणि पत्ता दिसू देऊ नका. घरच्यांना सांगता येत नसेल, तर एका भरवशाच्या माणसाला पैसे देण्यापूर्वीच सगळे सांगून ठेवा.

यापुढे जे घडले, त्याचा मला फसवणुकीपेक्षा अधिक राग आहे. उत्तराखंडातील ज्या ठाण्यात आम्ही गेलो, तिथे सांगण्यात आले की पैसे महाराष्ट्रातून गेले आहेत, तक्रार तिकडे करा. महाराष्ट्रातील ठाण्यात सांगण्यात आले की घटना उत्तराखंडात घडली आहे, तक्रार तिकडे करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. मी ते कलम छापून नेले होते. समोरच्या अधिकाऱ्याने कागद बाजूला सारला आणि आईवडिलांची परवानगी होती का, असे मला विचारले. मग माझ्या वडिलांचा क्रमांक मागितला. मी सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते, कर भरते. दोन सज्ञान व्यक्तींना लग्नासाठी कुटुंबाची किंवा जातीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. फसवणूक, तोतयेगिरी, खंडणी आणि धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेची ३१८, ३१९, ३०८ आणि ३५१ ही कलमे, असे चार गुन्हे समोर असताना त्या टेबलावर चर्चा माझ्या चारित्र्याची झाली. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला आणि गुन्हा आजही नोंदलेला नाही.

बँकेचे उत्तर होते की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदली गेली, पण धमकीमुळे आमचे मधले दिवस वाया गेले होते आणि शेवटच्या खात्यात केवळ २,३१० रुपये गोठवता आले. तेही परत मिळायला त्या वेळी न्यायालयाचा आदेश लागत होता. पैसे गेल्याचे कळताच, त्याच तासाला, प्रवासात असाल तरी १९३० लावा. पुढच्या खात्यात रक्कम सरकायला फार वेळ लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आम्ही ती केली आहे. परंतु नोटीस बजावायला समोरच्याचा पत्ता हवा, तो पत्ता बँकेकडे आहे, बँक म्हणते पोलिसांना देऊ, आणि पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. तक्रारदाराने या तिघांमध्ये किती काळ फिरायचे, याचे उत्तर कोणी देत नाही.

त्रियुगीनारायणला लग्न करायचेच असेल, तर मंदिराच्या पुरोहितांशी थेट बोला, तारीख त्यांच्याकडूनच घ्या, आणि मधल्या माणसाला धुनीजवळ उभे राहून व्हिडिओ कॉल करायला सांगा. राहण्यासाठी त्या मार्गावर गढवाल मंडल विकास निगमाची विश्रामगृहे आहेत. लग्नाचे पैसे तिथे पोहोचल्यावर द्या.

आम्ही नंतर ३० दिवसांची नोटीस देऊन रीतसर लग्न केले. ते पान मात्र नाव बदलून पुन्हा सुरू झाले आहे. छायाचित्रे तीच आहेत, ‘दोघेच’ ही योजना तशीच आहे आणि पहिला हप्ता अजूनही ११,००० रुपयांचाच आहे. ज्यांनी तो भरला असेल, त्यांनी दुसरा हप्ता पाठवू नये, संदेश आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावेत आणि आजच १९३० ला फोन करावा.