अल्ट्रा ५ घ्यावा की इंडी?

फोंड्याच्या भंगारवाल्याकडे सन कंपनीचा अल्ट्रा ५ आणि एसजीआय कंपनीची निळी इंडी, हे दोन जुने संगणक शेजारीशेजारी दिसले नि खिशात एकापुरतेच पैसे असले, तर आधी हे वाचा, घासाघीस मग करा.

इंडी १९९३ ची, अल्ट्रा १९९८ चा. दोन्हींवर लिनक्स नेटवर्कवरून चढवता येतं. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल पुरवणारा साधा प्रोग्रॅम) दोघांनाही लागतो. फरक पत्ता विचारण्यात आहे. अल्ट्राच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर (लिनक्सच्या आधी आज्ञा घेणाऱ्या पडद्यावर) ‘बूट नेट’ दिलं की तो रार्प या जुन्या पद्धतीने फक्त स्वतःचा आयपी पत्ता विचारतो, फाइलचं नाव विचारतच नाही. आयपीचं हेक्साडेसिमल रूप हेच त्याच्या लेखी फाइलचं नाव: १९२.१६८.१.५ म्हणजे सी०ए८०१०५, रोमन मोठ्या अक्षरांत. हे ठाऊक नसलं की अख्खा रविवार गेलाच.

इंडी बूटपी ही दुसरी पद्धत वापरते, त्यात पत्त्याबरोबर फाइलचं नावही मिळतं. ऐकायला सोयीचं, पण खोच पुढे आहे. तिच्या प्रॉमला (चालू होताच धावणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) ३२७६७ च्या वरचे टीएफटीपी पोर्ट क्रमांक चालत नाहीत आणि आजचं लिनक्स पोर्ट वाटायला सुरुवात करतं ते नेमकं ३२७६८ पासून! सर्व्हरवरची पोर्टची मर्यादा खाली आणायची, पाथ एमटीयू डिस्कव्हरी (नेटवर्क पाकिटाचा आकार आपोआप ठरवण्याची सोय) बंद करायची, तेव्हा कुठे बाई हलतात.

बॅटरीचं दुखणं मात्र दोघांचं सारखं. एनव्हीरॅमची चिप (आतल्या बॅटरीवर सेटिंग्ज जपणारी) मेली की नेटवर्कसाठीचा हार्डवेअर पत्ताच पुसला जातो. अल्ट्रात तो ‘ओके’ प्रॉम्प्टवर हाताने भरता येतो, पण वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि आपल्याकडे आषाढात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. भाव ठरवताना नव्या चिपचे पैसे धरूनच बोला.

मॉनिटरचं म्हणाल तर अल्ट्राला साधी व्हीजीए केबल चालते, इंडीला १३डब्ल्यू३ हा जुन्या धाटणीचा मॉनिटर कनेक्टर शोधत फिरावं लागतं. सनचा कीबोर्ड नसला तरी अडत नाही, अल्ट्रा आपोआप सिरियल पोर्टवर बोलू लागतो.

आता मुख्य गोष्ट. डेबियन या लिनक्सने इंडीच्या प्रोसेसरांना ८ व्या आवृत्तीनंतर सोडलं. अल्ट्राचा स्पार्क प्रोसेसरही ७ नंतर अधिकृत यादीतून गेला, पण त्याची ६४ बिटची आवृत्ती डेबियन पोर्ट्स या अनधिकृत शाखेत तग धरून आहे. रोज चालवायचं असेल तर अल्ट्राच घ्या. मी स्वतः इंडी आणली, निव्वळ त्या निळ्या पेटीच्या मोहाने, आणि सध्या तिच्यावर चतुर्थीची आमंत्रणपत्रं ठेवलेली आहेत.