व्हेन्व, यूव्ही, कोंडा की डॉकर: जँगोच्या प्रोजेक्टला नक्की काय लागतं?

जँगोवर (पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर) नवीन काम काढलं की प्रोजेक्टचा पसारा वेगळा ठेवायला कोणतं टूल घ्यायचं यावर टीममध्ये हमखास वाद रंगतो. त्याआधी एक ठरवा: बाकी प्रोजेक्ट्सपासून वेगळं काय ठेवायचंय? नुसती पॅकेजेस, पायथनचं व्हर्जनसुद्धा, की खालच्या सिस्टीम लायब्ररी आणि डेटाबेसही? ही टूल्स एकमेकांची स्पर्धक वाटतात खरी, पण प्रत्येकाचं कुंपण वेगळ्या जागी आहे.

काहीच न वापरण्याचा मार्ग आता जवळपास बंद झालाय. डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४ वर थेट पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या टूलने) पॅकेज टाकायला गेलात तर सरळ नकार मिळतो. जबरदस्ती करायची सोय आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नका. सिस्टीमची स्वतःची बरीच कामं त्याच पायथनवर चालतात.

व्हेन्व २०१२ पासून, म्हणजे ३.३ पासून, पायथनसोबतच येतं. (उबुंटूवर त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, का ते विचारू नका.) आत जादू काही नाही: एक फोल्डर, मूळ पायथनकडे जाणारी लिंक, पॅकेजेसची जागा आणि एक छोटी कॉन्फिग फाइल. एक प्रोजेक्ट जँगो ५.२ वर, दुसरा ४.२ वर, एवढ्यासाठी ते भरपूर झालं. फोल्डर दुसरीकडे हलवलं की मात्र मोडतं, कारण आतल्या स्क्रिप्ट्सच्या पहिल्या ओळीत पूर्ण पाथ लिहिलेला असतो. दुरुस्त करत बसू नका, उडवा आणि नवीन बनवा.

व्हेन्व कमी पडतं ते पायथनच्या व्हर्जनपाशी. समजा क्लायंटचा जुना, जँगो ३.२ वरचा प्रोजेक्ट गळ्यात पडला. त्याला पायथन ३.६ ते ३.१० चालतं, उबुंटू २४.०४ वर आहे ३.१२. व्हेन्व बिनतक्रार बनतं, जँगोही इन्स्टॉल होतं, आणि सर्व्हर सुरू करायला जावं तर डिस्टयूटिल्स सापडत नाही म्हणून कोसळतं. ते मॉड्यूल ३.१२ मधून काढूनच टाकलंय. आधी अशा वेळी पायएन्व्ह (पायथनची वेगवेगळी व्हर्जन्स सांभाळणारं टूल) घालून जुनं पायथन कंपाइल करत बसावं लागायचं.

यूव्हीने हे दुखणं संपवलं. ॲस्ट्रल कंपनीने २०२४ मध्ये आणलेलं, रस्टमध्ये लिहिलेलं हे टूल हवं ते पायथन तयार स्वरूपात स्वतःच उतरवून घेतं. लॉक फाइलही बनवतं, त्यामुळे सगळ्यांच्या लॅपटॉपवर तीच व्हर्जन्स येतात. वेगाचं कौतुक सगळे करतात. मला त्याचं कॅश जास्त आवडतं. कॅश आणि प्रोजेक्ट एकाच डिस्कवर असतील तर पॅकेज एकदाच साठवलं जातं आणि सगळे प्रोजेक्ट्स तेच वापरतात. नेट कासवछाप आणि डिस्क भरत आलेली असेल तर हा फरक रोज जाणवतो. एक सवय मात्र मोडावी लागते: यूव्हीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप मुळात नसतं, त्यामुळे बोटं सवयीने पिप टाइप करतात आणि भलत्याच ठिकाणचं पिप चालतं.

पोएट्रीवर (हेही पॅकेजेस आणि लॉक फाइल सांभाळणारं टूल) टीम सुखी असेल तर नुसत्या वेगासाठी हलू नका. नवीन प्रोजेक्टला मी यूव्हीच घेईन.

कोंडाची (पायथनसोबत सी लायब्ररीही टाकणाऱ्या पॅकेज मॅनेजरची) गरज वेब प्रोजेक्टला क्वचितच पडते. जिओजँगो (जँगोचा नकाशे आणि भौगोलिक डेटाचा भाग) हा एक अपवाद: त्याला जीडॅल, जिओस अशा सी लायब्ररी लागतात आणि कोंडा-फोर्ज या मोफत चॅनलवर त्या तयार मिळतात. २०० पेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत ॲनाकोंडाच्या डिफॉल्ट चॅनलला पैसे पडतात, तेव्हा थेट कोंडा-फोर्जवरून पॅकेजेस घेणारं मिनीफोर्ज बरं.

डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सिस्टीम लायब्ररींसकट कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) पोस्टग्रेस आणि रेडिस या डेटाबेससाठी बेशक वापरा. जँगोचा कोडही रोज त्यातच चालवायचा का, यावर माझं उत्तर लहान टीमसाठी 'नको' असं आहे. नवीन पॅकेज आलं की इमेज (कंटेनरचा साचा) पुन्हा बिल्ड, डीबगर जोडायची वेगळी खटपट, आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप धापा टाकायला लागतो. विंडोजवर कोड सी ड्राइव्हवर ठेवलात तर फाइल वाचणं-लिहिणं फार संथ होतं; कोड डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) होम फोल्डरमध्येच हवा. प्रोजेक्टच्या पाच-सहा सर्व्हिसेस असतील किंवा सर्व्हरवर कंटेनरच जाणार असेल, तर मात्र हा त्रास सोसण्यासारखा आहे. डॉकर डेस्कटॉप २५० कर्मचारी किंवा १ कोटी डॉलर उलाढाल ओलांडलेल्या कंपनीला फुकट नाही, हे मॅनेजरच्या कानावर आधीच घाला.

एडिटरचं म्हणाल, तर पायचार्मला जँगोचे टेम्प्लेट्स आणि मॉडेल्स खरोखर कळतात, पण ती समज प्रो सबस्क्रिप्शनमध्येच मिळते. व्हीएस कोड फुकट आहे आणि डब्ल्यूएसएलशी त्याचं छान जमतं. त्यात इम्पोर्टखाली पिवळ्या नागमोडी रेघा दिसल्या तर आधी खालच्या पट्टीत इंटरप्रिटर (म्हणजे कुठलं पायथन) कोणता निवडलाय ते बघा. पॅकेज पुन्हा टाकायची वेळ सहसा येत नाही.