वर्षानुवर्षं उभी असलेली एमजीबी पुन्हा चालती केल्यावर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एमजीबी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन सुरू करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. बी-सिरीजचं १७९८ सीसीचं बिडाचं इंजिन सहजासहजी मरत नाही. चांगली बॅटरी, ताजं पेट्रोल आणि स्पार्क मिळाला की ते बहुतेक वेळा धडधडतंच, आणि मालकाला वाटतं काम झालं. पण उभ्या गाडीत लोखंडापेक्षा रबर, पेट्रोल आणि ब्रेक ऑइल जास्त बिघडतं, आणि हे बिघाड टप्प्याटप्प्याने वर येतात: काही पहिल्या तासात, काही इंजिन पुरतं तापल्यावर, तर काही पाच-सातशे किलोमीटर झाल्यावर. म्हणून इथे जे लिहिलंय ते गाडी सुरू कशी झाली याबद्दल कमी आणि महिनोन्‌महिने चालवल्यावर काय टिकलं, काय पुन्हा करावं लागलं याबद्दल जास्त आहे. गाडी क्रोम बंपरची, क्रँकशाफ्टला पाच बेअरिंग असलेल्या इंजिनाची, एसयू कंपनीच्या एचएस४ कार्बोरेटरची जोडी असलेली.

१९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे सुटा भाग मिळत नाही अशी अडचण फारशी येत नाही. अडचण आहे ती आज बनणाऱ्या सुट्या भागांच्या दर्जाची.

स्टार्टरला हात लावण्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं आणि दोन-तीन दिवस मुरू द्यायचं. मग टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढे-मागे ढकलायची. इंजिन फिरलं की रॉकर कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते बघायचं. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटला असेल आणि स्टार्टर मारला, तर पुशरॉड वाकतो. यानंतर जुनं ऑइल आणि फिल्टर बदलून प्लग न लावताच स्टार्टर मारायचा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. प्रेशर चढलंच नाही तर ऑइल पंप कोरडा पडलाय. ऑइल कूलरच्या पाइपचं कनेक्शन सोडून तिथून ऑइल भरलं की पंप धरतो. ऑइल २०डब्ल्यू-५०, फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर. या इंजिनाचे टॅपेट (कॅमवर घासत पुशरॉड ढकलणारे भाग) सपाट आहेत, त्यामुळे जस्त-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं ऑइलच घ्यावं. नव्या गाड्यांचं पातळ ऑइल इथे घालू नये. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आतच बदललं ते बरं झालं, कारण बाहेर आलेलं ऑइल चांगलंच काळं आणि गाळकट होतं.

पेट्रोलच्या बाबतीत काटकसर महागात पडते. जुनं पेट्रोल पूर्ण काढायचं, टाकी उतरवायची आणि आत टॉर्च मारून बघायचं. तळाला गंजाचे पापुद्रे दिसले तर माझ्या मते सरळ नवी टाकी बसवावी. आतून कोटिंग करण्याचा पर्याय कागदावर छान वाटतो, पण आतला पत्रा पूर्ण साफ नसेल तर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ते कोटिंग सुटतं आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. रबरी होज सगळे आर९ दर्जाचे (इथेनॉलला टिकणारे) घ्यावेत. जुने होज बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून विरघळत असतात. फ्लोट चेंबरमध्ये सापडणारी काळी भुकटी तिथूनच येते.

एसयूचा इलेक्ट्रिक पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. चावी फिरवल्यावर तो टकटक करतो आणि फ्लोट चेंबर भरले की थांबतो. आवाजच नसेल तर पंपातले विजेचे पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) काळे पडलेत. पान्याने हलकी टिचकी मारली की तो चालू होतो, पण हा इलाज घरी पोहोचण्यापुरताच. पॉइंट बदलावेत किंवा इलेक्ट्रॉनिक स्विचचा पंप घ्यावा. न थांबता टकटक चालू राहिली तर एक तर खेचणाऱ्या बाजूने हवा शिरतेय किंवा कार्बोरेटरची नीडल (फ्लोट चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय. तपासायचं सोपं आहे: कार्बोरेटरजवळची नळी सोडून बाटलीत धरायची, मिनिटाला सुमारे एक लिटर पेट्रोल आलं पाहिजे. पंपाचं प्रेशर अडीच-तीन पीएसआयच्या आसपास असतं. जास्त प्रेशरचा दुसरा पंप लावला तर नीडल दाबली जाते आणि पेट्रोल ओव्हरफ्लोमधून थेट गरम एक्झॉस्टच्या दिशेने वाहतं.

गाडी पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग गुदमरत असेल तर आधी टाकीचं झाकण उघडून बघावं. ‘सूं’ असा हवा ओढल्याचा आवाज आला तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाही. कार्बोरेटर उघडण्याआधी हे बघितलं तर एक रविवार वाचतो.

आता कार्बोरेटर. ट्यूनिंगला बसण्याआधी टॅपेट, इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग पक्कं करायचं, कारण कार्बोरेटरच्या नावावर खपवले जाणारे निम्मे दोष इग्निशनचे निघतात. टॅपेट गॅप थंड इंजिनावर ०.०१५ इंच, पॉइंट ०.०१४ ते ०.०१६, प्लग ०.०२५. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. टायमिंगचा आकडा इंजिन नंबरप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलमधूनच घ्यावा.

मग दोन्ही कार्बोरेटरमधले पिस्टन उचलून सोडून बघायचे. खाली येताना ‘टक’ असा स्वच्छ धातूचा आवाज यायला हवा. अडखळले तर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) सेंटरला नाही किंवा डॅशपॉट (पिस्टनवरची घुमटी) मळलाय. डॅशपॉट पेट्रोलने धुवायचा, पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही आणि पुढच्या-मागच्या कार्बोरेटरचे पिस्टन आपसात बदलायचे नाहीत. आतल्या पोकळ रॉडच्या तोंडापेक्षा साधारण १२ मि.मी. वर येईल इतकं ऑइल घालायचं. जेटचं नट पूर्ण वर घेऊन दोन आटे खाली, म्हणजे बारा फ्लॅट (नटाच्या सपाट बाजू), ही सुरुवात. इंजिन पुरतं तापवायचं. दोन थ्रॉटल शाफ्टमधले क्लॅम्प ढिले करून, नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरचा आवाज सारखा होईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू जुळवायचे, आणि मगच मिक्श्चरला हात घालायचा. एक पिस्टन जेमतेम ०.८ मि.मी. उचलायचा: आरपीएम वाढून तिथेच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), नट वर घ्या. इंजिन लगेच बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), नट खाली. किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं की जमलं. प्रत्येक वेळी एकच फ्लॅट फिरवायचा. एका कार्बोरेटरचं मिक्श्चर बदललं की दुसऱ्याचं पुन्हा तपासायचं.

इतकं करूनही आयडलिंग एकदा ७०० आणि एकदा ११०० आरपीएम होत असेल तर थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटलची झडप फिरवणारा शाफ्ट) झिजलाय. स्पिंडलच्या टोकाला थोडा कार्ब क्लीनर मारला आणि इंजिनाचा आवाज बदलला, म्हणजे तिथून हवा खेचली जातेय. त्याला नवीन स्पिंडल आणि बुशशिवाय उपाय नाही. स्क्रू फिरवत बसणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त सतावलं ते इग्निशनच्या कंडेन्सरने. लक्षण ठरलेलं: थंड असताना गाडी झकास, अर्ध्या तासाने मिसिंग, थांबून थंड झाली की पुन्हा ठीक. लोक याला पेट्रोलचा दोष समजून पंप बदलतात. नवा कोरा कंडेन्सरही असाच निघू शकतो, म्हणून डिकीत एक तपासलेला ठेवावा. रोटर आर्म रिव्हेट नसलेला घ्यावा. रिव्हेटमधून करंट शाफ्टला पळतो. शेवटी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं आणि त्यानंतर तक्रार नाही. पण दोन गोष्टी बघूनच ते लावावं. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) आहेत, निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल त्यांत जोडताक्षणी जळतं. दुसरं म्हणजे कॉइल: बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या गाडीला सुमारे तीन ओहमची कॉइल लागते, दीड ओहमची लावली तर ती आणि मॉड्यूल दोन्ही तापतात.

वायरिंगमध्ये आधी अर्थ बघा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी गंजली की स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून जातो आणि केबल गरम होते. स्टार्टर मारताना मल्टीमीटर इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या अर्थ टर्मिनलमध्ये धरायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड घासून घट्ट करा.

ब्रेकमध्ये मध्यम मार्ग नाही. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, पुढचे कॅलिपर सील आणि तिन्ही रबरी होज एकाच वेळी बदलावेत. ‘आत्ता चालतंय ना’ म्हणून सोडलेला होज दोन महिन्यांत हिशेब चुकता करतो: आतून फुगतो, ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, आणि चाक धरून बसतं. चाक जाम झालं तर त्याचं ब्लीड निपल (ब्रेक ऑइल सोडायचं तोंड) उघडा. सुटलं नाही तर कॅलिपरचा पिस्टन गंजलाय. सुटलं तर प्रेशर अडकलं होतं. पुढच्या वेळी मास्टर सिलिंडरवरचा नट सैल करून बघा, तिथे सुटलं तर मास्टर, नाही तर होज. ऑइल डॉट ४. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नये.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणं नेहमीचंच. एमजीबीत क्लचसाठी इंजिन बाहेर काढावं लागतं, त्यामुळे आधी सोपं करून बघावं. स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा) पूर्ण सरकतो याची खात्री करा, इंजिन तापवा, मोकळ्या मैदानात टॉप गिअरमध्ये क्लच दाबून धरा आणि रेस द्या-सोडा करत गाडीला झटके द्या. अशा वेळी गाडी थांबवायला फक्त ब्रेक आणि चावी असते, म्हणून ब्रेकचं काम आधी.

इंजिन थंड ठेवणारं पाणी दोन-तीनदा उलटं फ्लश करावं. ब्लॉकचा नळ उघडून काहीच आलं नाही तर तो गाळाने बंद आहे, तारेने मोकळा करा. तरीही गरम इंजिन दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करताना त्रास होतो. ही तक्रार पूर्ण गेलेली नाही. आजचं पेट्रोल लवकर उडतं आणि कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेत. हीट शील्ड आणि त्याचं अस्तर शाबूत असेल तर त्रास निम्मा होतो. त्यानंतरही सुरू करताना चोक न ओढता रेस अर्धी दाबून धरावी.

टॅपेट गॅप अधूनमधून मोजून लिहून ठेवतो. एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी होत असेल तर शिसेविरहित पेट्रोलवर व्हॉल्व्हची सीट आत बसत चाललीय आणि हेडला कडक सीट लागणार. ८.८:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९७-९८ ऑक्टेन मानवतं, कमी ऑक्टेनवर चढाला खडखड ऐकू येते.

किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिनचे) ग्रीस निपल दर बाजूला तीन, दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस, तेही जॅकवर चाक उचलून. वजन असताना ग्रीस हवं तिथे पोहोचत नाही. तारांच्या चाकांना निघताना ‘टक’ आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. ओव्हरड्राइव्ह (टॉपच्याही वरचा जादा गिअर) लागला नाही तर गिअरबॉक्स उघडण्याआधी ऑइलची पातळी आणि स्विचची वायर बघा. टायर कितीही नवे दिसोत, दहा वर्षांवरचे असतील तर बदला.

आणि पुन्हा महिनाभरापेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ, बॅटरी सुटी, हँडब्रेक सोडलेला, आणि क्लच पेडल दाबून सीटच्या पुढे लाकडाच्या पट्टीने अडकवलेलं.