चिंगीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा (चार स्टार, पाचवा पायऱ्यांमुळे कापला)

कोथरूडच्या या जनावरांच्या क्लिनिकचा रिव्ह्यू लांब आहे, घाई असेल तर एवढंच वाचा: डॉक्टर नीट बघतात, फिजिओवाल्या ताई एक नंबर, पार्किंग शून्य.

आमची चिंगी, गावठी कुत्री, बारा वर्षांची, सिंहगड रोडला बिल्डिंगखाली सापडलेली. मे महिन्यात एका सकाळी उठली आणि हॉलमध्ये नुसती उजवीकडे गोल गोल फिरायला लागली, घाण्याला जुंपल्यासारखी, डावे पाय घासत. आई बघताक्षणी म्हणाली, "अरे, हिच्या अंगावरून वारं गेलंय." मी म्हटलं काहीतरीच, तोंड कुठे वाकडं झालंय? पण कुत्र्यांत माणसासारखं तोंड वाकडं होईलच असं नसतं हे मला नंतर कळलं.

खरा धक्का दहीभाताने दिला. ताटली ठेवली तर बाईंनी उजवा अर्धा चाटून साफ केला आणि डावा अर्धा तस्साच, मधोमध पट्टी ठेवून कापल्यासारखा. ताटली फिरवली तर उरलेला पण संपवला! म्हणजे भूक होती, डावीकडचं जग तिच्यासाठी गायब झालं होतं.

घराजवळ एका ठिकाणी नेलं (नाव घेत नाही), तिथे टेबलावर न घेताच "वय झालं, स्ट्रोक आहे, चार दिवस बघा नाहीतर कायमचं झोपवून टाकू" असं सांगून एक इंजेक्शन आणि बिल हातात. एवढं सांगायला आई पुरेशी होती की. रिक्षावाले कुत्रं बघून पुढे जात होते, शेवटी मित्राच्या गाडीतून इथे कोथरूडला आणली.

इथे तपासणीलाच पाऊण तास. डॉक्टरांनी तिला उभं धरून एकेक पंजा उलटा करून जमिनीला टेकवला, उजवे तिने लगेच सरळ केले, डावा पुढचा तसाच दुमडलेला राहिला आणि तिला पत्ताच नाही. मग डोळे बघितले, बुबुळं भिरभिरत नव्हती, मान तिरकी नव्हती. शेजारच्यांच्या लॅब्रेडॉरला मागच्या वर्षी असंच अचानक झालं होतं, डोळे भिरभिर, मान एका बाजूला, उलट्या, सगळे स्ट्रोक स्ट्रोक करत रडत होते आणि दोन-तीन आठवड्यांत तो ठणठणीत. तो कानाच्या आतल्या बॅलन्सचा आजार, म्हाताऱ्या कुत्र्यांत होतो, त्यात पंजाची ही टेस्ट सहसा नॉर्मल येते. हा फरक न बघताच कोणी 'झोपवा' म्हणत असेल तर तिथून उठा.

डॉक्टर म्हणाले एमआरआयशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. तिची किडनी बघून आम्ही सध्या नको म्हटलं, त्यांनीही गळ घातली नाही. बीपी १९० च्या वर निघालं (कुत्र्यांत १८० च्या पुढे म्हणजे फारच), किडनीचे आकडे वाढलेले, मूळ तिथेच असावं असं ते म्हणाले. गोचीड तापासाठी पण रक्त तपासलं, त्यात प्लेटलेट घसरून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो म्हणून. बीपीची गोळी चालू केली. माणसाला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात तसं कुत्र्यांना सहसा देत नाहीत, मेंदू आपला आपण सावरतो, आपण फक्त त्याला मदत करायची. मी हळूच विचारलं की घरी ॲस्पिरिन आहे ते देऊ का, तर असे ओरडले... गुठळी की रक्तस्राव माहीत नसताना रक्त पातळ करायचं? आणि माणसांच्या पेनकिलर तर कुत्र्यांना अजिबात नाही.

आता फिजिओ. तिची तब्येत स्थिर झाल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू, सेशनचे हजार रुपये, पावती मागितली तर मिळते (मागावी लागते). ताई आधी पाय हलक्या हाताने वाकवून सरळ करतात, मग पोटाखालून आधार देऊन उभं करतात आणि अगदी हळू इकडून तिकडे झुलवतात म्हणजे डाव्या पायावर वजन पडतं. नंतर जमिनीवर काठ्या मांडून त्या ओलांडायला लावल्या. कोमट पाण्यातला ट्रेडमिल पण आहे, चिंगीने त्यात पाय टाकायला साफ नकार दिला, कोणी जबरदस्ती केली नाही.

पण खरं काम घरी होतं आणि ते त्यांनी नीट शिकवलं म्हणून हे स्टार. उठत नव्हती तोवर दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात. खाताना तिची छाती जमिनीला टेकवून, मान वर ठेवून बसवायचं आणि थोडं थोडं भरवायचं, आडवं असताना नाही. शूला नेताना आईची जुनी सुती साडी पोटाखालून घेऊन उचलायची, महागड्या हार्नेसची गरज पडली नाही. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर ती फतकल मारून पडायची, मग बोहरी आळीतून रबरी मॅट आणल्या आणि तिच्या पाण्यापर्यंत रस्ताच करून दिला. दोन महिने झाले, आता चालते, पळताना थोडी लंगडते, ताटली अजून आम्हीच फिरवतो.

स्टार का कापला? अहो, लकवा झालेल्या जनावरांचं क्लिनिक आणि दाराशी चार पायऱ्या, रॅम्प नाही! पहिल्या दिवशी सोळा किलोची चिंगी साडीत घालून आम्ही दोघांनी वर चढवली. मागच्या शुक्रवारी ती तीन पायऱ्या स्वतः चढली आणि चौथीला माझ्याकडे बघत थांबली. तरीपण स्टार देणार नाही, आधी रॅम्प करा.