इन्सुलेटेड फायरबॉक्स: आठेक महिने लाकूड जाळल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. मांस धुरावर शिजवायच्या स्मोकरला इन्सुलेटेड फायरबॉक्स, म्हणजे उष्णता कोंडून ठेवणारी दुहेरी जळणपेटी, लावायचा खर्च आणि उपद्व्याप वसूल झाला. लाकूड वाचतं म्हणून लोक तो करतात आणि ते वाचतंही, पण खरा फरक पडतो आगीच्या वागण्यात. ते वागणं मात्र नव्यानं शिकावं लागतं.

ज्यांचा ऑफसेट स्मोकरशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे मांसाखाली आग नसते. बाजूच्या लोखंडी पेटीत, म्हणजे फायरबॉक्समध्ये, लाकूड जळतं, उष्णता आणि धूर आडव्या टाकीत मांसावरून सरकत पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो, त्यामुळे लाकूड म्हणजे पोस्ट ओक, इकडचा एक ओक. तापमान २५० ते २७५ फॅरनहाइट (सुमारे १२० ते १३५ सेल्सिअस) आणि मोठ्या ब्रिस्केटला (गाईच्या छातीच्या मांसाला) दहा-बारा तास. तेवढा वेळ कुणीतरी आगीपाशी हजर पाहिजे. आमच्याकडे बीफ न खाणारी मंडळीही आहेत, म्हणून त्याच आगीवर बोकडाची मांडी होते. खरं सांगायचं तर ती ब्रिस्केटच्या आधी संपते.

माझी टाकी १२० गॅलनची, जुनी प्रोपेनची. फायरबॉक्स टाकीच्या एक तृतीयांश आकारमानाचा असावा, हा इथल्या बनवणाऱ्यांचा रूढ हिशेब. तो धरला तर आतली पेटी लांबी-रुंदी-उंचीला २१ इंच येते. आतून पाव इंची पत्रा, मध्ये दोन इंच सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारी तंतूंची गादी), बाहेरून १४ गेजचा (जेमतेम दोन मिमी जाडीचा) साधा काळा पत्रा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा कितीही स्वस्तात मिळाला तरी नको, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो. रॉकवूल (दगडी तंतूंचं वूल) स्वस्त पडलं असतं, पण त्यातला बाइंडर, म्हणजे तंतू चिकटवणारा पदार्थ, सुरुवातीला जळून घाण वास मारतो. सिरॅमिक वूल १२६० सेल्सिअसपर्यंत टिकतं. ते कापताना चांगला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. त्याचे तंतू फुफ्फुसाला वाईट आणि कातडीला दिवसभर खाजवतात.

बांधणीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतली पेटी बाहेरच्या पेटीला चारही बाजूंनी वेल्ड करायची नाही. २१ इंची पत्रा साडेचारशे अंश सेल्सिअसनं तापला की जवळजवळ ३ मिमी वाढतो. त्याला जागा नसेल तर तो फुगतो, नाहीतर वेल्ड फोडतो. माझी पेटी फक्त दाराच्या चौकटीला जोडलेली आहे, बाकी वूलमध्ये मोकळी बसलीय. इतके महिने भट्टी पेटूनही दार अजून नीट लागतं.

आता वापराचं. साध्या पेटीत निम्मी आग आजूबाजूची हवा तापवण्यात जाते. इथे ती आतच राहते, त्यामुळे तेवढ्याच तापमानाला आग बरीच लहान लागते. गोम इथेच आहे. तापमान वर चढलं की हात आपोआप हवेच्या झडपेकडे जातो. झडप आवळली की आग गुदमरते, धुराड्यातून दाट पांढरा धूर येतो आणि मांस कडवट होतं. गावाकडच्या चुलीचंच शास्त्र हे: वारा कोंडला की घरभर धूर. म्हणून झडप उघडीच ठेवायची आणि आवर घालायचा तो लाकडाला. मी आता मनगटाएवढ्या जाडीची, फूटभर लांबीची ढलपी वापरतो. निखारे नीट धगधगत असले की ढलपी टाकल्यावर मिनिटाभरात भडकते. धूर क्षणभर पांढरा येतो, मग पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा होतो. पूर्वी अर्ध्या तासाला लाकूड लागायचं, आता पाऊण तास निवांत जातो.

एक गैरसोय कुणी आधी सांगितली नव्हती. साध्या फायरबॉक्सच्या डोक्यावर पुढची लाकडं तापत ठेवता येतात, म्हणजे टाकताच पेटतात. माझ्या पेटीचं डोकं कोमट असतं. शेवटी दाराच्या वर लोखंडी कप्पा जोडला, कारण चौकटीतून उष्णता बाहेर झिरपतेच. तिथला रंग करडा पडलाय, बाजूचा मात्र नव्यासारखा आहे.

जानेवारीत नॉर्दर आला, बोचरा वारा आणि गोठणबिंदूच्या आसपास थंडी, तरी टाकीचा काटा फारसा हलला नाही. आणि ऑगस्टमध्ये शेजारी खुर्ची टाकून बसता येतं, हे ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात लहान सुख नव्हे.

खरी तक्रार पावसाची. वरच्या सांध्यातून पाणी वूलमध्ये शिरलं आणि पुढच्या वेळी पेटवल्यावर फटींतून वाफ यायला लागली. ओलं वूल उष्णता धरत नाही आणि पत्रा आतून गंजतो. वरच्या पत्र्याला इंचभर पागोळी काढली, तळाला दोन भोकं पाडली, तेव्हा थांबलं. राखही प्रत्येक वेळी काढतो, कारण ओली राख लोखंड खाते.

महिन्यातून एकदा कोंबडी भाजणाऱ्यानं या भानगडीत पडू नये, पाव इंची साधी पेटी पुरते. रात्रभर ब्रिस्केट करणाऱ्यानं, किंवा जिथे वारा आणि थंडी जास्त तिथे, जरूर करावी. तळाला वूल घालू नका, राखेचा थर तेच काम करतो. पैसे वाचले तर दाराच्या दोरीवर (दाराची फट बंद करणाऱ्या उष्णतारोधक दोरीवर) घाला, माझी स्वस्तातली दोरी आत्ताच चपटी झाली आहे.